दोन गुणांचं उत्तर

राज्य मंडळाच्या दहावीत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते. लेखी पेपर 80 गुणांचा, उरलेले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपरात तीन उतारे येतात, दोन पुस्तकातले आणि एक बाहेरचा. प्रत्येक उताऱ्याखाली दोन-दोन गुणांच्या पाच कृती: दोन आकलनाच्या, एक शब्दांची, एक व्याकरणाची आणि शेवटची मुलाचं मत विचारणारी. शिक्षकांच्या खोलीत तिला ‘पर्सनल रिस्पॉन्स’च म्हणतात. तिन्ही उताऱ्यांचे मिळून तिचे 6 गुण. पेपर तपासणाऱ्या कुणालाही विचारा, गठ्ठ्यातली सर्वांत कंटाळवाणी जागा कोणती, तर हीच. एकतर कोरी, नाहीतर एकाच गाइडमधून आलेल्या तीन ओळी, शब्दाला शब्द.

मला ही जागा वर्षभराच्या कामाची खरी तपासणी वाटते. बाकी बरंच काही पाठ करून, उताऱ्यातून उचलून, साचा भरून निभावता येतं. इथे मात्र मुलाला स्वतःचं वाक्य लागतं. आणि स्वतःचं इंग्रजी वाक्य लिहायची वेळ त्याच्यावर फारशी आलेलीच नसते. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे दहावीच्या मुलाची इंग्रजीशी दहा वर्षांची ओळख. वह्या तर भरलेल्या असतात. वर्गपाठाची, गृहपाठाची, व्याकरण-निबंधाची. खाकी कव्हर घातलेल्या, समास आखलेल्या, पानोपानी लाल सही.

घोळ सुरू होतो तो उतारा कळला की नाही हे बघणाऱ्या प्रश्नांपासून. समजा उताऱ्यात असं वाक्य आहे: ‘द झंबू टुरटुर्ड द लिपक बिकॉज इट वॉज व्हेरी फोमी.’ प्रश्न आला: ‘व्हाय डिड द झंबू टुरटुर द लिपक?’ उत्तर कुणीही देईल: ‘बिकॉज इट वॉज व्हेरी फोमी.’ झाले गुण. झंबू कोण, त्याने लिपकाचं काय केलं, यातलं काहीही ठाऊक नसताना. मुलं नेमकं हेच करतात. प्रश्नातला एखादा शब्द हेरायचा, तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की त्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंतची ओळ उचलायची. यात ती फार तरबेज असतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण विचारलेल्या प्रश्नांना तेवढंच पुरतं.

म्हणून वर्गात प्रश्न काढताना एक चाळणी लावावी: उतारा न कळताही याचं उत्तर लिहिता येतंय का? येत असेल तर प्रश्न बदलायचा. ‘शेतकरी शहरात का गेला’ याऐवजी ‘शेतकरी शहरात गेला नसता तर पुढचं काय काय घडलं नसतं’ असं विचारलं की ओळ उचलता येत नाही. ‘हे वाक्य खरं की खोटं’ याच्या पुढे ‘कोणत्या ओळीवरून’ एवढं जोडलं तरी फरक पडतो. घटना उलटसुलट देऊन क्रम लावायला सांगणं चांगलं, फक्त सहापेक्षा जास्त घटना देऊ नयेत. मागची मुलं तिसऱ्यानंतर अंदाजपंचे आकडे टाकायला लागतात.

आता वाचन. बहुतेक वर्गांत पाठ कसा ‘घेतला’ जातो? शिक्षक एक वाक्य वाचतात, त्याचा मराठी अर्थ सांगतात, पुढचं वाक्य. मुलं मराठीची वाट बघत बसतात. गोष्ट त्यांना कळते, आवडतेही, पण ती मराठीतून कळलेली असते. पानावरच्या इंग्रजीशी डोळ्यांची गाठच पडत नाही. मग फळ्यावर शब्दार्थ, मग प्रश्नोत्तरं, मग ‘उतरवून घ्या’. दुसरी पद्धत, एका मुलाने उभं राहून मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी बोट ठेवून ऐकायचं. साठ मुलांच्या वर्गात एका मुलाची पाळी महिन्यातून एकदा आली तरी खूप. शिवाय उभं राहून वाचणाऱ्याचं सगळं लक्ष उच्चार चुकू नयेत याकडे असतं. खाली बसल्यावर काय वाचलंस विचारा, सांगता येत नाही.

35 मिनिटांच्या तासिकेत हे वेगळ्या रीतीने बसवता येतं. त्यासाठी पाठाचा तुकडा 120 ते 150 शब्दांचा घ्यावा, म्हणजे पुस्तकातल्या साधारण दहा-बारा ओळी. आधी फळ्यावर एकच प्रश्न लिहायचा, तोही मराठीत चालेल: ‘या माणसाचं वागणं तुला पटतं का?’ दोन मिनिटं. मग पाच मिनिटं सगळ्यांनी मनातल्या मनात वाचायचं, हातात पेन्सिल न घेता. मग पुस्तक मिटून शेजाऱ्याला मराठीत सांगायचं, काय कळलं, तीन मिनिटं. हा गोंगाट सहन करावा लागतो. मुख्याध्यापक दारावरून जात असतील तरीही. मग दुसरं वाचन, पाच मिनिटं, यावेळी पेन्सिल घेऊन. जी ओळ अडली तिच्यासमोर प्रश्नचिन्ह, पण जास्तीत जास्त तीन. ही तीनची मर्यादा महत्त्वाची आहे. नाहीतर मुलं सगळ्या ओळींवर प्रश्नचिन्हं टाकून हात वर करतात. तीनच मिळाली की निवड करावी लागते, आणि निवड करायची तर वाचावंच लागतं. शिक्षकांनी पुढची सात मिनिटं सर्वांत जास्त मुलांना अडलेल्या दोन-तीन ओळींवरच घालवायची. त्यानंतर पाच मिनिटं शिक्षकांचं मोठ्याने वाचन, अर्थाच्या तुकड्यांवर थांबत थांबत. मुलं थांब्याच्या जागी तिरकी रेघ मारतात. उरलेल्या आठ मिनिटांत प्रत्येकाने वहीत दोन वाक्यं लिहायची, सुरुवातीच्या त्या प्रश्नावर, इंग्रजीत.

यात शब्दार्थांचा तास कुठे गेला? त्याला मी मुद्दाम जागा ठेवलेली नाही. दहा ओळींत मुलाला वीस शब्द अनोळखी असतात हे खरं, पण वीसच्या वीस फळ्यावर लिहिले की त्यातला एकही राहत नाही. पाच निवडावेत. ज्यांच्यावाचून उतारा उलगडतच नाही असे दोन आणि पुढे लिहिताना मुलाला हमखास लागतील असे तीन. उरलेल्यांपैकी काहींचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून लागतो आणि काहींचा नाही लागला तरी अडत नाही. मराठी वाचतानाही आपण दर शब्दाला कोश उघडत नाही.

इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात देवनागरी उच्चार लिहिण्याची सवय सगळ्यांनी पाहिली असेल. त्यावर सरसकट रागावू नये. गावांची, माणसांची नावं आणि ज्यांची अक्षरं उच्चाराला दगा देतात असे दोन-चार शब्द यांच्यावर लिहिलं तर बिघडत नाही. पण अख्खी ओळ देवनागरीत उतरवली की मूल ती वरचीच ओळ वाचतं, खालचं इंग्रजी नुसती नक्षी होऊन बसतं. एका पानावर पाच शब्दांपर्यंत मुभा द्यावी आणि आठवड्याने ते खोडायला लावावेत. ज्या मुलांना अक्षरं जोडून वाचताच येत नाही, अशी काही मुलं नववी-दहावीतही असतात, त्यांना त्याच उताऱ्याच्या पहिल्या तीन ओळी द्याव्यात. वेगळं, लहान वर्गाचं पुस्तक हातात दिलं की ती मुलं बाकाखाली लपवतात. तीन ओळी का होईना, सगळ्यांच्या पुस्तकातल्या हव्यात.

आता मूळ मुद्दा. आपण वाचन वर्गात करतो आणि लेखन घरी पाठवतो. हे उलटं आहे. लेखन घरी गेलं की ते गाइड लिहितं, क्लासचे सर लिहितात, ताई लिहिते, आणि आता मोबाइल लिहितो. प्रश्नाचा फोटो काढला की भाषांतर तयार, किंवा वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी उत्तर टाकलेलंच असतं. दुसऱ्या दिवशी वहीत निर्दोष इंग्रजी येतं, शिक्षक ‘गुड’ लिहितात आणि परीक्षेत तेच मूल ‘आय ॲम गो’ पद्धतीची वाक्यं लिहितं तेव्हा चकित होतात. नियम करून, मोबाइल काढून घेऊन, वहीवर पालकांची सही मागून हे थांबत नाही. लेखन वर्गात आणलं की थांबतं. रोज आठ मिनिटं, दोन-तीन वाक्यं, शिक्षकांच्या डोळ्यांदेखत.

मग घरी काय द्यायचं? वाचलेलंच पुन्हा वाचायला द्यायचं. वर्गात कळलेला दहा ओळींचा तुकडा घरी तीनदा मोठ्याने वाचायचा. ऐकणाऱ्याला इंग्रजी आलं पाहिजे असं नाही. भाकरी थापणारी आई असली तरी चालते, धाकटा भाऊ असला तरी चालतो. पहिल्या वाचनात अडखळण्यात जाणारी शक्ती तिसऱ्या वाचनात अर्थाकडे वळते. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढून पाच मुलांना चार-चार ओळी वाचायला लावाव्यात, चार मिनिटांत होतं. न वाचता आलेलं मूल लगेच ओळखू येतं, आणि गाइड इथे काही मदत करू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पोर्शन कसा संपवायचा? पूर्वपरीक्षा जानेवारीत, बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे डिसेंबरअखेर पुस्तक हातावेगळं व्हायला हवं. हिशेब असा करावा. प्रत्येक पाठ ओळीओळीने घ्यायची गरज नाही. एका पाठातले दोन तुकडे वर सांगितलेल्या रीतीने सावकाश घ्यावेत, उरलेला पाठ शिक्षकांनी भराभर, गोष्ट सांगितल्यासारखा मराठी-इंग्रजी मिसळून पुढे न्यावा. प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घेण्यात जे दोन-तीन तास जातात ते वाचतात, आणि तुकड्यांना लागतात तेही तेवढेच.

आता ती दोन वाक्यं. वर्गात लिहायला लावलं की पहिले पंधरा दिवस जे समोर येतं ते बघून धीर सुटतो. ‘आय ॲम गो टू मार्केट.’ ‘ही आस्क्ड टू मी.’ ‘माय फादर इज फार्मर.’ ‘आय डिड नॉट वेंट.’ या चुका निष्काळजीपणाच्या नसतात, प्रत्येकीला कारण असतं आणि बहुतेकदा ते मराठीत असतं. मुलाने ‘ॲम’ म्हणजे ‘आहे’ असं पक्कं केलेलं असतं. मराठीत ‘मी जात आहे’, ‘मी आलो आहे’, ‘मी जाणार आहे’, जिकडेतिकडे आहे. म्हणून तो ‘आय’च्या मागोमाग ‘ॲम’ लावतोच. ‘मला विचारलं’मधला ‘ला’ त्याला ‘टू’ करून टाकायचा असतो. मराठीत ‘अ’ किंवा ‘द’सारखं काही नामाआधी लागत नाही, म्हणून ‘फार्मर’ उघडाच राहतो. आणि ‘डिड’मध्ये भूतकाळ एकदा आला की क्रियापद मूळ रूपात परततं, ही गोष्ट मराठीच्या कानाला विचित्रच आहे, आपल्याकडे ‘गेला नाही’मध्ये ‘गेला’ तसाच राहतो. शिक्षकांना हे कारण माहीत असलं की चूक एका मिनिटात दाखवता येते. ‘रॉंग’ लिहून ती जात नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र चुकांची नसते, मुलाच्या डोक्यात आलेल्या वाक्याच्या लांबीची असते. पंधरा वर्षांच्या मुलाचं मराठी पंधरा वर्षांचं असतं. तो विचार करतो: ‘काल जोराचा पाऊस आल्यामुळे शेतातून यायला उशीर झालेल्या बाबांची आई दारात वाट बघत होती.’ हे इंग्रजीत न्यायला गेला की तिसऱ्या शब्दावर अडकतो आणि पेन खाली ठेवतो. त्याला इंग्रजी येत नाही असं आपण म्हणतो. खरं तर त्याला आधी मराठी मोडायला शिकवायला हवं. पाऊस जोराचा आला. बाबा शेतात होते. त्यांना उशीर झाला. आई दारात वाट बघत होती. चार वाक्यं, प्रत्येकात एकच क्रियापद. आता प्रत्येक वाक्यात ‘कोण’ पुढे, ‘काय केलं’ त्याच्या मागोमाग, बाकीचं शेवटी: ‘इट रेन्ड हार्ड. फादर वॉज इन द फील्ड. ही वॉज लेट. मदर वॉज वेटिंग ॲट द डोअर.’ हा मोडण्याचा सराव जून-जुलैत रोज पाच मिनिटं फळ्यावर घ्यावा, एका लांब मराठी वाक्याचे तुकडे पाडून. इंग्रजीच्या तासाला मराठी लिहायची बंदी असलेल्या शाळांत हे शक्य होत नाही. त्या बंदीने इंग्रजी वाढत नाही, मुलं फक्त गप्प होतात.

ऑगस्टपासून तुकडे पुन्हा जोडायला शिकवायचे. सुरुवातीला ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’, ‘सो’ हे चारच पुरेत. ‘बिकॉज’ आधी शिकवावा, कारण मत विचारणाऱ्या उत्तराचा कणा तोच आहे. एक खबरदारी: ‘बिकॉज’ आणि ‘सो’ मुलं एकाच वाक्यात घालतात, मराठीतल्या ‘कारण… म्हणून’च्या सवयीने. दोन्हींपैकी एकच, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

मत लिहायला तीन वाक्यांचा सांगाडा द्यावा: मला काय वाटतं, का वाटतं, आणि मी पाहिलेलं एक काहीतरी. तिसरं वाक्य सोडू द्यायचं नाही. प्राण्यांना पिंजऱ्यात ठेवावं का, असा प्रश्न असेल तर गाइडमधलं उत्तर येतं: ‘नो, इट इज रॉंग. वी शुड लव्ह ॲनिमल्स. दे आर आवर फ्रेंड्स.’ चूक एकही नाही आणि जीवही नाही. तिसऱ्या वाक्याची सक्ती केली की असं काही येतं: ‘नो, बिकॉज बर्ड्स वाँट टू फ्लाय. माय अंकल हॅज टू पॅरट्स. दे ईट चिली ऑल डे.’ शेवटची ओळ कुठल्याच गाइडमध्ये मिळणार नाही. दिवसभर मिरच्या खात बसलेले ते पोपट परीक्षकाला दिसतात. इंग्रजी पाचवीचं आहे, नजर पंधरा वर्षांची आहे, आणि दोनपैकी दोन गुण द्यायला काहीच हरकत नाही.

आता वह्या तपासणं. इथेच चांगले बेत मोडतात, म्हणून हिशेब आधी करावा. पट साठ. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी दोन तास. रोज दोन तास कुणाकडे नाहीत, म्हणून न वाचता सही होते, आणि न वाचता सही होते हे मुलांना कळलं की ती न वाचता लिहायला लागतात. उपाय साधा आहे: रोज बाराच वह्या घ्याव्यात, बाकांच्या रांगेप्रमाणे. तीन मिनिटं एकीला, छत्तीस मिनिटं, म्हणजे एक मोकळी तासिका. पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. प्रत्येक मुलाची आठवड्यातली एकच दोन-तीन वाक्यं नीट वाचली जातात, पण खरोखर वाचली जातात. कोणत्या रांगेची पाळी कधी, हे मात्र मुलांना आधी कळू देऊ नये.

तपासताना सगळं लाल करू नये. दहा चुका दाखवलेलं पान मूल मिटून टाकतं. आठवड्याला एकच गोष्ट बघायची: या आठवड्यात फक्त क्रियापदं, पुढच्यात फक्त ‘अ’, ‘ॲन’, ‘द’. चूक दुरुस्त करूनही देऊ नये, खूण करावी: क्रियापद चुकलं तर गोल, स्पेलिंग चुकलं तर खाली नागमोडी रेघ, शब्द राहिला असेल तर त्या जागी हंसपद. दुरुस्ती मुलाने करायची आणि वाक्य खाली पुन्हा लिहायचं. हे पुन्हा लिहिणं झालं नाही तर तपासण्याची सगळी मेहनत वाया जाते. ‘दुरुस्ती केली’ हे बघायला एक ओळ पुरते, वही परत गोळा करावी लागत नाही, वर्गात फिरताना दिसतं. आणि एखादं वाक्य खरोखर चांगलं असेल तर त्याखाली सरळ रेघ मारून ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहावं, नाव न घालता. आपलं वाक्य फळ्यावर आलं हे ज्याचं त्याला बरोबर कळतं.

लेखनकौशल्याचे 20 गुण म्हणजे पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, आणि बातमी, गोष्ट किंवा कल्पनाविस्तार. पत्रावर शाळा सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि त्यातला बहुतेक वेळ मांडणीवर जातो: पत्ता डावीकडे, मग तारीख, मग कुणाला, विषय, संबोधन. ही मांडणी दोन तासांत पक्की होते. घसरतं ते मधल्या मजकुरात. प्रश्नात जाहिरात किंवा मुद्दे दिलेले असतात आणि मुलं तेच मुद्दे जसेच्या तसे वाक्यांत बसवतात. त्याआधी ‘आय होप यू आर इन द बेस्ट ऑफ हेल्थ’ हे मावशीला लिहिलेल्या पत्रातही आणि कधी कधी नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना लिहिलेल्या तक्रारीतही. पत्र लिहायला बसण्यापूर्वी मुलाकडून तीन गोष्टी तोंडी वदवून घ्याव्यात: वाचणारा कोण, त्याने पत्र वाचून काय करायला हवं, आणि ते करायला त्याला कोणती माहिती लागेल. पाण्याच्या टँकरबद्दल तक्रार असेल तर कोणती गल्ली, किती दिवसांपासून, किती घरं. अशी तक्रार लिहिताना मजकूर आपोआप आठ-दहा ओळींचा होतो.

माहितीचं रूपांतर ही माझ्या मते पेपरातली सर्वांत उपयोगी कृती. तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून ओघतक्ता. तिच्यासाठी पुस्तकाबाहेरचं साहित्य गावात विखुरलेलं असतं. ओआरएसच्या पुडीवरच्या सूचना घ्या: हात धुवा, एक लिटर स्वच्छ पाणी घ्या, पूर्ण पुडी टाका, ढवळा, चोवीस तासांत संपवा. प्रत्येक सूचना क्रियापदाने सुरू होते, क्रम बदलता येत नाही. ओघतक्ता काढायला याहून चांगलं काय मिळणार? एखाद्या चौकटीत अर्धी पुडी टाकली तर काय बिघडेल, हेही विचारता येतं, आणि ते उत्तर ओळ उचलून देता येत नाही. खताच्या गोणीवर 10:26:26 असे आकडे असतात, ते नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के. शेतकऱ्याच्या मुलाला ते आधीपासून माहीत असतात. दोन गोण्यांच्या आकड्यांचा तक्ता करून त्यावर पाच वाक्यांचा परिच्छेद लिहायला द्यावा. ‘मोअर दॅन’, ‘लेस दॅन’, ‘द सेम ॲज’ एवढ्या तीन जोडण्या लागतात. वर्गात नेहमी मागे बसणारा मुलगा त्या दिवशी शेजाऱ्याला समजावून सांगताना दिसण्याची शक्यता बरीच असते.

परिच्छेद लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे तक्त्यातली प्रत्येक चौकट एकेक वाक्य करून ओळीने मांडणं. सहा चौकटी, सहा वाक्यं, सगळी ‘देअर इज’ने सुरू. त्यावर इलाज, पहिलं वाक्य संपूर्ण तक्त्याबद्दल लिहायला लावणं आणि दुसरं तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत वेगळ्या आकड्याबद्दल.

सारांशाला 5 गुण आहेत आणि वाचन-लेखन जिथे खरोखर एकत्र येतात अशी ही कृती. मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश लांबी आणि शीर्षक. मुलं काय करतात? दर तिसरं वाक्य उतरवतात. पहिलं, चौथं, सातवं, आणि शेवटचं. त्यावर फक्त एक रीत चालते: वाचा, पुस्तक मिटा, तीन वाक्यं आठवून लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं भरा. पुस्तक मिटलेलं असताना उतरवता येत नाही, म्हणून जे लिहिलं जातं ते मुलाचं असतं. उदाहरणं, आकडे, माणसांच्या तोंडची वाक्यं गाळायची. कारण आणि परिणाम ठेवायचे. शीर्षक शेवटी सुचू द्यावं. परीक्षेत पुस्तक मिटता येत नाही, तिथे उत्तरपत्रिकेच्या घडीने उतारा झाकायचा, हे आधीच सांगून ठेवावं.

संवाद आणि भाषण मुलांना बरं जमतं, त्यावर फार वेळ घालवू नये. भाषणात ‘रिस्पेक्टेड चीफ गेस्ट’ने अर्धं पान भरू नये, एवढं सांगितलं की पुरे.

कवितेच्या रसग्रहणाला 5 गुण. शीर्षक, कवी, यमकरचना, एखादा अलंकार, आशय, आवडलेली ओळ आणि ती का आवडली. शेवटचं सोडून बाकी सगळं पाठ करता येतं आणि मुलं करतातच. यमकरचनेची ‘ए बी ए बी’ तर कवितेचा एक शब्द न वाचता सांगतात. वर्गात पहिल्यांदा कविता घेताना यातलं काहीच विचारू नये. दोनदा वाचून दाखवावी, मग प्रत्येकाने एक ओळ निवडून वहीत उतरवावी आणि तिच्याखाली मराठीत किंवा इंग्रजीत एक वाक्य लिहावं. ‘आवडली नाही’ हेही चालेल, पण ओळ दाखवून. साठ मुलांच्या वर्गात एकच ओळ पंचवीस जणांनी निवडलेली असते, आणि दोघांनी अशी ओळ निवडलेली असते की शिक्षकांचंही तिच्याकडे लक्ष गेलेलं नसतं. अलंकार त्या ओळीत आला तर त्याच वेळी सांगावा. नंतर यादी करून सांगितलेला अलंकार यादीतच राहतो.

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर वर्गात वाटले की सगळ्यांचे डोळे आधी एकूण गुणांवर जातात, मग बेरीज तपासणं, मग अर्ध्या गुणासाठी टेबलाभोवती गर्दी. तो तास तसाच जाऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी पेपर पुन्हा आणायला सांगावा आणि प्रत्येकाने आपल्या तीन मताच्या उत्तरांपैकी सर्वांत वाईट निवडून नव्याने लिहावं, पाहिलेल्या एका गोष्टीसह, दहा मिनिटांत. ज्याने कोरं सोडलं होतं त्याने कोरंच निवडायचं. नवी उत्तरं जोडीदाराने वाचायची आणि समासात एकच खूण करायची: जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही पेपरात सापडू शकेल त्याला फुली. फुल्या पडलेली वाक्यं घरी नाही, तिथेच, घंटा व्हायच्या आत बदलायची.